टाकी भरेपर्यंत: नोकरी, दोन मुलं आणि पहाटेचा व्यायाम

आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि साडेसहाला जातं. खालच्या हौदातून मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायला सव्वीस मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजली आहेत. गेली अडीच वर्षं माझा व्यायाम म्हणजे ही सव्वीस मिनिटं. ओव्हरफ्लोच्या पाइपातून पहिली धार गच्चीवर पडली की थांबायचं, खाली येऊन मोटर बंद करायची आणि चहाचं आधण ठेवायचं.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. सासूबाई आमच्याबरोबर असतात. काउंटरला येणाऱ्या बायका, शाळेच्या फाटकाशी भेटणारे आईवडील मला विचारतात, "पहाटे उठायची इच्छा होते तरी कशी?" तर पाच वाजता मलाही इच्छा होत नाही. उद्या सकाळी मोडाची मटकी हवी असेल तर ती आज सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधावी लागते. उद्या सकाळी भांड्यासमोर उभं राहून मोड येत नाहीत. पहाटेचं उठणंही मी असंच आदल्या दिवशी बांधून ठेवते. ते कसं, ते इथं लिहिते आहे.

आधी रक्त तपासून घ्या

हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण माझी दोन वर्षं यात गेली. धाकटी झाल्यावर मी तीनदा व्यायाम सुरू केला: एकदा रथसप्तमीला सूर्यनमस्काराचा संकल्प करून, एकदा वाढदिवसाला, एकदा नव्या वर्षाला. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवसांत बंद पडला. जिना चढून गच्चीवर आलं की धाप लागायची, दुपारी कॅश मोजताना डोळे मिटायचे. मला वाटायचं, माझ्यात चिकाटीच नाही. घरातही तसंच बोललं जायचं. मग मुलीच्या तापासाठी दवाखान्यात गेले असताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझंच रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बाईमाणसाचं ते १२ च्या वर असायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त. ज्या बाईला आपण घरात आळशी म्हणतो, तिच्या रक्तात लोहच नसेल तर ती कुठल्या जोरावर पहाटे उठणार? तेव्हा अलार्म लावण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. पुरुषांनीही एक गोष्ट बघावी: मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं आणि दिवसभर पेंग येणं असं तिन्ही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

लोहाच्या गोळीचंही सांगते. पहिला महिनाभर मी ती ऑफिसच्या अकराच्या चहाबरोबर घेत होते. चहामुळं लोह अंगाला लागत नाही, दुधाचंही तसंच. डॉक्टरीणबाईंनी वेळ बदलायला लावली: लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा दीड-दोन तासांनी. चार महिन्यांनी ११.८ झालं. तोवर मी गच्चीवर नुसत्या फेऱ्या मारत होते, त्याहून जास्त काही केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

न टळणाऱ्या कामाला बांधा

आमच्या घरी पाचला कुणीतरी उठतंच, कारण पाणी गेलं की दिवसभर पाणी नाही. आधी मी उठून मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत सोफ्यावर बसून फोन बघायची. सव्वीस मिनिटं रोज हातात होती आणि फोनवर जात होती. हे लक्षात आलं त्या दिवशी मी वेगळं काहीच ठरवलं नाही, फक्त मोटरचं बटण दाबून सोफ्याऐवजी जिन्याकडं वळले.

तुमच्याकडं पाणी चोवीस तास येत असेल, पण दुसरं काहीतरी असतंच. दूधवाला येतो, पाळीची बस पकडणाऱ्या माणसाचा डबा असतो, बाळाचं पहाटेचं दूध असतं, अंगणातला सडा असतो. ज्या कामासाठी तुम्ही आजही, मन असो नसो, उठता, ते शोधा आणि व्यायाम त्याच्या शेपटीला बांधा. नुसता "उद्यापासून साडेपाचला उठायचं" हा बेत मला तीनदा सोडून गेला. पाणी मात्र कधी सोडून जात नाही.

वेळ थोडा आहे म्हणून मागं हटू नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगते, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पूर्वी त्यात अशी अट होती की निदान दहा मिनिटं सलग केली तरच धरायची. २०२० च्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. सव्वीस मिनिटं आठवड्यातून सहा दिवस केली तर १५६ होतात. हे गणित मी कॅशच्या वहीच्या मागच्या पानावर केलं होतं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा हे आपल्याला जमेल असं वाटलं.

रात्रीची तयारी

पाचला उठायचं तर दहाला डोळा लागायला हवा. मोठ्या माणसाला सात तास झोप लागतेच, आणि ती कापून केलेला व्यायाम टिकत नाही. आमच्याकडं अडचण भांड्यांची होती. खरकटी भांडी रात्रभर ठेवलेली सासूबाईंना चालत नाही, आणि मला त्यांचं मन मोडायचं नव्हतं. म्हणून जेवणच नऊवरून आठला आणलं, आणि आता प्रत्येकजण आपलं ताट आपण घासतो, चौथीतला मुलगासुद्धा. सव्वानऊला घरातले मोठे दिवे बंद. शाळकरी मुलांना नऊ तासांहून जास्त झोप लागते, त्यामुळं हे त्यांच्याही भल्याचं आहे. शेवटचा चहा दुपारी चारला, कारण पाच-सहा तासांनीही चहातला निम्मा अंमल अंगात उरलेला असतो.

फोन रात्री स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला लावते. अलार्म त्याच्यावरच असतो, तो बंद करायला उठून चालत जावं लागतं, आणि ओट्यापाशी पोचलं की समोर मोटरचं बटण आहे. फोनला हात लागतो तो अलार्म बंद करण्यापुरता. अंगावर रात्रीच ट्रॅकपँट आणि टी-शर्ट घालून झोपते. स्वेटर जिन्याच्या कठड्यावर, सतरंजी गच्चीच्या दाराशी, पाण्याची बाटली पहिल्या पायरीवर. झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटं, कधीकधी अर्धा तासही, डोकं पूर्ण जागं झालेलं नसतं. त्या वेळात काही ठरवायचं म्हटलं तर उत्तर "आज राहू दे" असंच येणार. कुठले कपडे, कुठला व्यायाम, वर की बाहेर, हे सगळं रात्रीच ठरलेलं असलं की पहाटे डोक्याला विचारावं लागत नाही, पाय आपोआप निघतात.

त्या सव्वीस मिनिटांत काय

पहिली आठ मिनिटं नुसतं चालणं. आमची गच्ची लांबट आहे, एका टोकाला टाकी, दुसऱ्या टोकाला तुळशीची कुंडी, मध्ये वाळत घालायच्या तारा. हात फिरवत, खांदे फिरवत फेऱ्या. उठल्याउठल्या पायाच्या अंगठ्यांना हात लावायला जाऊ नका. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि त्या वेळी खोल वाकलं तर कमरेवर जास्त ताण येतो. मी सूर्यनमस्कार सगळ्यात शेवटी ठेवते ते यामुळंच.

मग बैठका आणि जोर. आमची पेठ तालमींची आहे. कुस्तीचा नाद असलेल्या शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते शहर हे, आणि आमच्या गल्लीत आजही पहाटे तालमीतून जोर मारणाऱ्या पोरांचे श्वास ऐकू येतात. माझे आजोबा तालमीत जायचे. आजी त्यांच्यासाठी बदाम वाटायची, तिनं स्वतः कधी एक बैठक मारली नाही. गच्चीवर पहिली बैठक मारताना मला आजीच आठवली होती.

बैठका दहाच्या तीन फेऱ्या. सुरुवातीला तारेच्या लोखंडी खांबाला धरून करा, गुडघ्यांना सवय होऊ द्या. जोर जमिनीवर लगेच जमत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी पहिले दोन महिने गच्चीच्या कठड्याला हात टेकून, अंग तिरकं ठेवून मारले. मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीला हात, मग पहिल्या. आठव्या महिन्यात सतरंजीवर पहिला पूर्ण जोर झाला. छाती खाली गेली, नाकाला सतरंजीचा धुळकट वास आला, आणि वर येताना दंड थरथरत होते, पण वर आले. त्या दिवशी दिवसभर नोटा मोजताना दंडात जी गोड दुखरी जाणीव होती, तेवढ्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेले. आज बारा होतात.

शेवटी सहा सूर्यनमस्कार, सावकाश. जानेवारीत आमच्याकडं सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळं ते अंधारातच होतात. जूनमध्ये सहाला उजाडतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी संस्थानच्या शाळांतून ते मुलामुलींना शिकवले. सासूबाईंचं माहेर त्या भागातलं. पाय मागं नेताना मी कंबर खाली सोडत होते, ती चूक खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनीच दाखवली.

आता एक गोष्ट जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. दोन बाळंतपणांनंतर दोरीवरच्या उड्या मारल्या की मला थेंबभर लघवी व्हायची. लाजेनं मी व्यायामच सोडला होता. वर लिहिलेल्या तीनपैकी एकदा बंद पडण्याचं खरं कारण हे होतं. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेत आणि ते व्यायामानं पुन्हा घट्ट होतात. लघवी अडवताना जे आकसून घेतो ते आकसायचं, पाच आकडे धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसमध्ये, काउंटरला बसून, कुठंही होतं. (लघवी करत असताना मात्र करू नये.) तीन-चार महिन्यांत फरक पडला. हे सहन करत बसू नका, आणि उड्या नसल्या तरी बाकी सगळा व्यायाम चालू ठेवता येतो.

घरच्यांचं वेळापत्रक

नवऱ्याच्या तीन पाळ्या म्हणजे माझ्या तीन सकाळी. पहिली पाळी सातची, तो सव्वासहाला निघतो, डबा सहाला तयार लागतो. त्या आठवड्यात मी कणीक रात्री मळून ठेवते, भाजी चिरून ठेवते आणि गच्चीवर फक्त पंधरा मिनिटं काढते. टाकी भरायची उरलेली मिनिटं भाजीला जातात. कमी झालं म्हणून मी त्या आठवड्यावर रागावत नाही. दुसरी पाळी तीन ते अकरा. तो रात्री पावणेबाराला घरी येतो, आणि पूर्वी मी जागी राहायची. हे सोडताना दोघांनाही जड गेलं. आता ताट झाकून ठेवते, तो स्वतः गरम करून घेतो. मी झोपलेली असते, आणि सकाळी तो मला पाण्याच्या कामातून मोकळं करतो: टाकीचं तो बघतो आणि मी रंकाळ्यावर चालायला जाते. तिसऱ्या पाळीला तो सकाळी साडेसातला येतो आणि मुलांना शाळेत सोडून मगच झोपतो, म्हणून त्या आठवड्यात माझी सगळ्यात निवांत सकाळ असते.

हे बोलून ठरवावं लागलं. नुसतं मनात धरून घरच्यांना कळत नाही. मी एका रविवारी दोघांना बसवून सांगितलं, मला रोज अर्धा तास हवाय, तो कुठून काढायचा ते मिळून ठरवू. नवरा गप्प होता, सासूबाईच म्हणाल्या, "जा की गं, दुधाकडं मी बघते." त्या एका वाक्यावर मी अडीच वर्षं चालले आहे. ज्यांच्या घरी असं म्हणणारं कुणी नाही, त्यांनी ते मागावं. एकट्यानं मुलं वाढवणाऱ्यांनी बाहेर जाण्याचा हट्ट सोडून घरातल्या घरात, मुलं हाकेच्या अंतरावर असतील अशी जागा धरावी.

रंकाळ्याला मी एकटी जात नाही. समोरच्या वहिनी साडेपाचला त्यांच्या दारात उभ्या असतात. हिवाळ्यात तेव्हा मिट्ट काळोख असतो, शालिनी पॅलेसच्या बाजूचं पाणीसुद्धा दिसत नाही, नुसता गार वास येतो. मला उशीर झाला तर त्या थंडीत ताटकळतात, हे माहीत असल्यामुळं उशीर होत नाही. सोबत निवडताना आपल्याइतकंच सावकाश चालणारं माणूस निवडा.

मुलं उठतील ही भीती सगळ्यांना असते, आणि ती उठतातच. धाकटी आठवड्यातून दोनदा तरी वर येते. गोधडी ओढत एकेक पायरी चढते, तिचा तो सर्र सर्र आवाज मला बैठकांमध्येच ऐकू येतो. पूर्वी मी तिला घेऊन खाली यायची आणि तिथंच सगळं संपायचं. आता ती सतरंजीच्या टोकाला गोधडीत बसते आणि माझ्या बैठका मोजते. अकरा, बारा, पंधरा, सोळा. मी तिच्या आकड्यानं चालते. मुलगा हल्ली सूर्यनमस्काराला येतो. त्याला बोलवत नाही, येतो तेव्हा बाजूला सरकून जागा देते.

झालेल्या दिवसाची खूण कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. तिथं रोज हात जातोच, वेगळी वही राहत नाही. पावसाळ्यात गच्ची शेवाळते, तेव्हा सतरंजी माजघरात येते आणि चालण्याऐवजी जागच्या जागी पावलं. घसरून पडण्यापेक्षा ते बरं.

खंड पडतो. ताप, दिवाळी, पाहुणे, मार्चअखेरचं ऑफिस. मागच्या मार्चमध्ये माझे अठरा दिवस कोरे आहेत. अशा वेळी पुन्हा सुरू करताना मी पहिल्या दिवशी व्यायाम करतच नाही. मोटर लावते, वर जाते, सतरंजी घालून बसते, तारेवरचे कपडे काढते, टाकी भरली की खाली येते. दुसऱ्या दिवशी फक्त फेऱ्या. तिसऱ्या दिवशी बैठका, निम्म्या. अंगदुखी होत नाही आणि परत सोडावंसं वाटत नाही.

२०२४ मध्ये राज्य शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं आणि आमच्या मुलाची शाळा सातवरून नऊवर गेली. त्यानं मोठी सवड मिळाली होती. येत्या जूनमध्ये तो पाचवीत जातो आणि त्याचे वर्ग पुन्हा सातला. म्हणजे डबा साडेसहाला, रिक्षा सहा चाळीसला. मी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून, सुट्टी असतानाच, जेवण साडेसातला आणि झोप साडेनऊला आणणार आहे, आणि अलार्म पावणेपाचला. पाणी पाचलाच येईल. मधल्या पंधरा मिनिटांत कुकर लावून होतो का, ते एकदा घड्याळ लावून मोजायचं आहे.